पानातलं विष, पेशीतला पंप

१७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरपुढे एका घरगुती औषधाचा पाठ अभिप्रायासाठी आला. श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीने तो बरीच वर्षं गुप्त ठेवला होता. अंगाला पाणी सुटलेले आणि नावाजलेल्या डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी तिच्या औषधाने बरे झाल्याचं लोक सांगत. पाठात वीसएक वनस्पती होत्या. विदरिंगला वनस्पतीशास्त्राची उत्तम जाण होती. ब्रिटनमधल्या वनस्पतींची ओळख करून देणारा त्याचा ग्रंथ पुढच्याच वर्षी प्रसिद्ध व्हायचा होता. त्या पाल्यातून कामाची वनस्पती हुडकायला त्याला वेळ लागला नाही. ती होती फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस पर्प्युरिया. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर, दुसऱ्या वर्षी उंच दांडा आणि त्यावर जांभळ्या फुलांची रांग, अशी ही इंग्लंडमधली रानवनस्पती. ती विषारी असल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

या म्हातारीचं नाव ‘मदर हटन’ असल्याचं अनेक पुस्तकांत वाचायला मिळतं. विदरिंगने मात्र तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. ते विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आलं आणि तिथून इतिहासात शिरलं. खरी म्हातारी निनावीच राहिली.

पाय सुजतात, पोटात पाणी साठतं, आडवं झालं की श्वास कोंडतो, या आजाराला इंग्रज तेव्हा ‘ड्रॉप्सी’ म्हणत. तो एकच आजार नाही आणि बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी थकलेलं हृदय असतं, ही समज पुढे यायची होती. म्हातारीच्या औषधाने रोग्याला जोराच्या उलट्या आणि जुलाब होत, आणि त्यातूनच गुण येतो असं लोक मानत. औषधाने लघवी भरपूर होते आणि सूज त्या वाटेने उतरते, हे विदरिंगने ताडलं.

तो रोज एक तास गोरगरिबांना फुकट तपासत असे. असे दोन-तीन हजार रोगी वर्षाला त्याच्याकडे येत. फॉक्सग्लव्हची परीक्षा त्याने आधी या गरिबांवर केली, हे आज वाचताना खटकतं, पण त्याने स्वतःच ते लिहून ठेवलं आहे. सुरुवातीला मात्रा फार मोठी होत होती. रोग्याला मळमळ सुरू झाली तरी औषध चालूच राही, कारण औषध लागू पडण्यासाठी ती हवीच असं वाटे. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की मळमळ ही मात्रा जास्त झाल्याची खूण आहे. मुळं सोडून त्याने पानं घेतली. पानातलं बळ ऋतूप्रमाणे बदलतं हे पाहून फुलं येण्याच्या सुमारास पानं तोडायची, वाळवायची, त्यांची पूड करायची आणि ती ग्रेनच्या वजनावर मोजून द्यायची, असा शिरस्ता त्याने घातला.

दहा वर्षांच्या नोंदी घेऊन १७८५ मध्ये त्याने आपलं पुस्तक छापलं. त्यात त्याच्या स्वतःच्या १६३ रोग्यांची हकिकत आहे. यश आलेल्या केसेस निवडून मांडणं सोपं होतं. त्याने मेलेले, बिघडलेले आणि औषध लागू न पडलेले रोगीही जसेच्या तसे नोंदवले. मात्रा जास्त झाली की काय होतं याची यादीही दिली: ओकारी, जुलाब, घेरी, सगळं पिवळं किंवा हिरवं दिसणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं, झटके, मृत्यू. हे औषध हृदयाच्या गतीवर विलक्षण हुकमत गाजवतं, हेही त्याने लिहिलं. लघवी, पोट, नाडी, आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसला की औषध थांबवायचं, हा त्याचा नियम होता. पानातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं, या प्रश्नाला हात घालण्याची साधनं त्या काळी नव्हती.

पुस्तक गाजलं, पण नियम फारसा कुणी पाळला नाही. एकोणिसाव्या शतकात डिजिटॅलिस न्यूमोनियापासून क्षयापर्यंत आणि वातभ्रमापासून तापापर्यंत वाटेल त्याला दिलं गेलं. औषध बदनाम झालं, मग पुन्हा वर आलं. त्याला योग्य जागी बसवायला विसावं शतक उजाडावं लागलं. जेम्स मॅकेन्झीसारख्या डॉक्टरांनी नाडीचे आलेख काढून दाखवलं, की अनियमित आणि वेगाने धडधडणाऱ्या हृदयाला हे औषध सर्वांत जास्त मानवतं.

दरम्यान याच कुळातलं दुसरं विष आफ्रिकेतून युरोपात येत होतं, तेही बाणाच्या टोकावरून. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या १८५८ ते १८६४ च्या झांबेझी मोहिमेत जॉन कर्क हा डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्रज्ञ होता. तिथले शिकारी बाणाला ‘कोंबे’ नावाचं विष लावत. कर्कने नमुने गोळा केले आणि ते त्याच्या सामानात दात घासायच्या ब्रशजवळ राहिले. एकदा दात घासताना तोंडाला कडू चव लागली आणि आपली नाडी मंदावल्याचं त्याला जाणवलं. या अपघातातून स्ट्रोफँथस ही वनस्पती एडिंबरात थॉमस फ्रेझरच्या प्रयोगशाळेत पोचली. फ्रेझरने तिच्यातून स्ट्रोफँथिन वेगळं केलं आणि बेडकाच्या हृदयावर त्याचा परिणाम पाहिला. पूर्व आफ्रिकेच्या सोमाली मुलखात असंच एक बाणविष अकोकँथेरा नावाच्या झाडापासून काढत. त्यातलं द्रव्य १८८८ मध्ये लेऑन-आल्बेर आर्नो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्फटिकरूपात मिळवलं आणि त्याला नाव मिळालं उवाबाइन. हे नाव लक्षात ठेवायला हवं. पुढची सत्तर वर्षं या कथेची सूत्रं त्याच्याच हातात आहेत.

फॉक्सग्लव्हच्या पानातूनही द्रव्यं एकेक करून सुटी होत होती. फ्रान्समध्ये नातिवेलने १८६९ मध्ये स्फटिकरूप डिजिटॅलिन काढलं, १८७५ मध्ये ओस्वाल्ड श्मीडेबर्गने डिजिटॉक्सिन वेगळं केलं, आणि १९३० मध्ये सिडनी स्मिथने युरोपातल्याच दुसऱ्या फॉक्सग्लव्हमधून, म्हणजे डिजिटॅलिस लॅनाटामधून, डिगॉक्सिन मिळवलं. आज औषधाच्या दुकानात मिळते ती गोळी याच डिगॉक्सिनची. या सगळ्या रेणूंचा घाट एकच निघाला. मधे स्टेरॉइडचा चार कड्यांचा सांगाडा, एका टोकाला लॅक्टोनचं पाच अणूंचं कडं आणि दुसऱ्या टोकाला साखरेची शेपटी. डिगॉक्सिनला साखरेचे तीन मणी, उवाबाइनला एक. कुठे श्रॉपशर आणि कुठे सोमाली मुलूख, पण दोन्हीकडच्या झाडांनी जवळपास तीच किल्ली घडवली होती. कुलूप कुठलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कुलपाचा शोध वैद्यकाच्या बाहेर, अगदी वेगळ्या कुतूहलातून सुरू झाला होता. अर्न्स्ट ओव्हर्टन हा इंग्लंडमध्ये जन्मलेला संशोधक झ्युरिकमध्ये १८९० च्या दशकात जिवंत पेशींत काय शिरतं आणि काय शिरत नाही याची तपासणी करत होता. शेकडो द्रव्यं वापरून त्याने एक नियम काढला. जे तेलात सहज विरघळतं ते पेशीत पटकन शिरतं, जे फक्त पाण्यात विरघळतं ते बाहेर अडकतं. म्हणजे पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असलं पाहिजे. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली. तिचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरलं. आवरण दुपदरी होतं.

या पेशीपटलाशी वनस्पतींचं वैर किती जुनं आहे, हे खुद्द फॉक्सग्लव्हच्या बीमध्येच दिसतं. त्यात डिजिटोनिन नावाचं आणखी एक द्रव्य असतं. ते आपल्याकडच्या रिठ्यात असतात त्या सॅपोनिन गटातलं, पाण्यात फेस करणारं. पटलाच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, त्याला डिजिटोनिन घट्ट धरतं आणि पटलाला भोकं पडतात. तांबड्या पेशींवर टाकलं तर त्या फुटतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. १९०९ मध्ये आडोल्फ विंडाउसने ही पकड इतकी नेमकी असल्याचं दाखवलं, की डिजिटोनिन घालून कोलेस्टेरॉल साक्याच्या रूपात वेगळं काढता येऊ लागलं. म्हणजे एकाच झाडाकडे दोन हत्यारं होती. एक भिंतच पाडणारं, आणि दुसरं भिंतीला धक्का न लावता आतल्या माणसांची कोंडी करणारं. औषध होण्याची शक्यता फक्त दुसऱ्यात होती.

ओव्हर्टनने १९०२ मध्ये आणखी एक कोडं मांडून ठेवलं. सोडियम नसलेल्या द्रावणात ठेवलेला बेडकाचा स्नायू आकुंचन पावत नाही, सोडियम घातलं की पुन्हा कामाला लागतो. मग त्याला वाटलं, आकुंचनाच्या वेळी थोडं सोडियम आत शिरत असेल आणि थोडं पोटॅशियम बाहेर जात असेल. पण तसं असेल, तर आयुष्यभर धडधडलेल्या हृदयात आत आणि बाहेर सारखंच मीठ व्हायला हवं होतं. तसं होत नाही. माणसाच्या रक्तद्रवात लिटरला सुमारे १४५ मिलिमोल सोडियम असतं, पेशीच्या आत दहा-पंधरा. पोटॅशियमचं उलट: आत १४० च्या आसपास, बाहेर चार-पाच. गळक्या होडीतलं पाणी कुणीतरी सतत उपसत असावं, तसा हा प्रकार होता. उपसणारा मात्र दिसत नव्हता.

त्याचा सुगावा रक्तपेढ्यांत लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्त साठवण्याची गरज अफाट वाढली. थंडीत ठेवलेल्या तांबड्या पेशींतून पोटॅशियम झिरपून बाहेर येतं आणि सोडियम आत शिरतं, हे दिसत होतं. पेशी मेल्या, असं समजायला हरकत नव्हती. पण १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच पेशी पुन्हा शरीराच्या तापमानाला आणून ग्लुकोज दिलं, तेव्हा पोटॅशियम परत आत जाऊ लागलं आणि सोडियम बाहेर. म्हणजे हे काम ऊर्जेवर चालतं आणि थंडीत ते फक्त थांबलेलं असतं. त्याच वर्षी रॉबर्ट डीनने स्नायूच्या बाबतीत ‘पंपा’ची कल्पना मांडली. पेशीपटलात असा पंप असलाच पाहिजे, हे आता तर्काने सिद्ध होत होतं. तो कशाचा बनला आहे, हे सांगता येत नव्हतं.

इथे बाणाचं विष कामाला आलं. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात हान्स युर्ग शाट्समान या तरुण संशोधकाने थंडीत ठेवलेल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांना ऊब आणि ग्लुकोज दिलं आणि सोबत हृदयावर चालणाऱ्या या वनस्पतिज द्रव्यांची अगदी अल्प मात्रा घातली. पोटॅशियम परत आत जाईना, सोडियम बाहेर पडेना. पेशी ग्लुकोज मात्र पूर्वीसारखंच वापरत राहिल्या. ऊर्जा तयार होत होती, पण उपसा बंद पडला होता. विषाने भट्टी विझवली नव्हती, नेमका पंपच धरला होता. विशेष म्हणजे हे दिसलं ते हृदयात नाही, तर केंद्रकसुद्धा नसलेल्या आणि कधीही न धडधडणाऱ्या तांबड्या पेशीत. शाट्समानचा हा निबंध एका स्विस नियतकालिकात जर्मनमध्ये छापला गेला आणि फार थोड्यांनी वाचला.

त्याच १९५३ च्या उन्हाळ्यात येन्स ख्रिश्चन स्काऊ हा डेन्मार्कचा डॉक्टर अमेरिकेतल्या वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेला होता. उत्तर जटलंडमधल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकत असताना त्याला जागेवर बधिरता आणणाऱ्या औषधांचं कुतूहल लागलं. या औषधांची परंपराही एका पानातूनच सुरू झालेली, कोकाच्या. ही औषधं चेतातंतूच्या पटलातल्या चरबीत घुसतात आणि त्यामुळे चरबीत बसलेल्या प्रथिनांचा आकार दाबला जाऊन त्यांचं काम बिघडतं, असा त्याचा अंदाज होता. तो तपासायला पटलातलंच एखादं एन्झाइम हवं होतं. चेतातंतूच्या वेष्टणात ऊर्जेचं चलन असलेला एटीपी हा रेणू फोडणारं एन्झाइम असल्याचं त्याच्या वाचनात आलं होतं.

वूड्स होलला स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूंवर काम चाले. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर तसे स्क्विड नव्हते, खेकडे होते. ऑर्हूसला परतल्यावर स्काऊने एका कोळ्याशी बोलून किनाऱ्यावरच्या खेकड्यांची व्यवस्था केली. खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंना चरबीचं जाड वेष्टण नसतं, म्हणून ते सोयीचे. ते तंतू वाटायचे, यंत्रात गरगर फिरवून पटलाचे तुकडे वेगळे करायचे, त्यावर एटीपी घालायचं आणि किती फॉस्फेट सुटतं ते मोजायचं, असा क्रम सुरू झाला. हजारो खेकडे या कामी आले.

निकाल मात्र जुळेनात. मॅग्नेशियम हवं हे कळलं होतं. सोडियम घातलं तर एन्झाइम कधी वेग घेई, कधी नाही. पोटॅशियमचंही तेच. आज मिळालेला आकडा उद्या येईना. बऱ्याच गोंधळानंतर उलगडा झाला: दोन्ही एकत्र हवी होती. एकट्या पोटॅशियमने काही होत नाही, एकट्या सोडियमने थोडंसं होतं, पण दोन्ही असली की एन्झाइम जोमाने एटीपी फोडतं. सोडियम आणि पोटॅशियम दोघांची दखल घेणारं, ऊर्जा खर्च करणारं आणि पटलातच बसलेलं एन्झाइम! वर्णन ज्या गोष्टीशी जुळत होतं ती स्काऊ शोधत नव्हता. त्याचा विषय बधिरतेची औषधं होता. १९५७ मध्ये निबंध लिहिताना शीर्षकात ‘पंप’ हा शब्द घालण्याचं धाडस त्याने केलं नाही. ते फार प्रक्षोभक वाटेल, अशी त्याला भीती होती. शीर्षक ठेवलं रुक्ष, धनभारित आयनांच्या परिणामाविषयीचं. त्यामुळे ज्यांनी तो वाचायला हवा होता त्यांच्या नजरेतून निबंध सुटला.

१९५८ मध्ये व्हिएन्नात जीवरसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे स्काऊला रॉबर्ट पोस्ट भेटला. दोघांची ओळख वूड्स होलची. पोस्टने अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात तांबड्या पेशींचा हिशोब मांडून नुकतंच दाखवलं होतं, की पंप तीन सोडियम बाहेर टाकतो तेव्हा दोन पोटॅशियम आत घेतो. स्काऊने खेकड्याच्या एन्झाइमची गोष्ट सांगितल्यावर पोस्टने पहिला प्रश्न केला तो उवाबाइनचा: ते तुझ्या एन्झाइमला अडवतं का? स्काऊने उवाबाइनचं नावही ऐकलेलं नव्हतं. पोस्टने त्याला शाट्समानच्या कामाबद्दल सांगितलं. स्काऊने ऑर्हूसला प्रयोगशाळेत फोन करून तपासायला सांगितलं. उत्तर होकारार्थी आलं. उवाबाइनने एन्झाइम बंद पडत होतं.

हा पुरावा इतका भक्कम का, हे नीट पाहायला हवं. रक्तपेशीतला पंप हा निव्वळ एक वर्तन होता, आयनांची ये-जा. खेकड्याच्या चेतातंतूतलं एन्झाइम ही एक रासायनिक क्रिया होती, परीक्षानळीत मोजलेली. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणायला दुवा लागतो. अवघड घाटाचा आणि एकाच जागी बसणारा वनस्पतिज रेणू दोन्हींना सारख्याच अल्प मात्रेत थांबवतो, हा तो दुवा ठरला. पोस्टने १९६० मध्ये तांबड्या पेशींच्या पटलातच तेच एन्झाइम दाखवलं, उवाबाइनच्या मात्रांसकट. पुढे ते मेंदूत, मूत्रपिंडात, स्नायूत, प्राण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सापडलं. विश्रांती घेत असलेलं शरीरही आपल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा या उपशावर खर्चतं.

मग विदरिंगच्या रोग्याचं हृदय विषाने सुधारत कसं होतं? पंप बंद पडणं ही वाईट गोष्ट, आणि फॉक्सग्लव्हने हृदयाचं आकुंचन जोमदार होतं. या विसंगतीचं उत्तर तिसऱ्या आयनात निघालं. हृदयाला धडधडायला कॅल्शियम लागतं, हे सिडनी रिंगरने १८८३ मध्येच लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं. १९६० च्या दशकात पूर्व बर्लिनमध्ये कुर्ट रेप्केने हाच पंप डिजिटॅलिसची जागा असल्याचं आग्रहाने मांडलं. १९६८ मध्ये हाराल्ट रॉयटर आणि त्याच्या सहकाऱ्याने हृदयाच्या स्नायूत सोडियम आत घेऊन त्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारी एक देवघेव दाखवली. कडी जुळली. डिगॉक्सिन काही पंप अडवतं. पेशीत सोडियम किंचित वाढतं. त्यामुळे सोडियमची बाहेरून आत येण्याची ओढ कमी होते, तिच्या जोरावर चालणारी कॅल्शियमची निकासी मंदावते आणि आत थोडं जास्त कॅल्शियम राहतं. पुढचा ठोका जोरकस पडतो. रक्त पुढे ढकललं जातं, मूत्रपिंडांना पुरेसं पोचतं, लघवी होते, सूज उतरते. मात्रा थोडी चुकली, तर तेच वाढीव कॅल्शियम भलत्या वेळी ठोका पाडतं आणि हृदयाची लय बिघडते.

स्काऊला १९९७ मध्ये, मूळ निबंधानंतर ४० वर्षांनी, रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा एटीपी तयार कसं होतं हे उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना. २००७ मध्ये ऑर्हूसच्याच संशोधकांनी डुकराच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पंपाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, आणि दोन वर्षांनी जपानमधल्या गटाने शार्कच्या पंपात बसलेलं उवाबाइन दाखवलं. ते पेशीच्या आत जातच नाही. पंपाचं बाहेरच्या बाजूने उघडणारं तोंड असतं, त्यात स्टेरॉइडचा सांगाडा रुततो आणि पंप त्याच अवस्थेत अडकून पडतो. चरबीत विरघळेल तेच पेशीवर परिणाम करेल, हा ओव्हर्टनच्या नियमातून निघणारा समज या रेणूने बाजूला सारला.

झाडांनी ही किल्ली घडवली होती ती खाणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात तिची ओळख फॉक्सग्लव्हइतकी दूरची नाही. शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात ती रुई, महामार्गांच्या दुभाजकांवर फुललेली कण्हेर, ज्याच्या बिया पोरं खेळायला घेतात ते बिट्टीचं झाड, या सगळ्यांत याच घाटाची द्रव्यं आहेत. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत आणि आयुर्वेदाने अर्क म्हणजे रुई आणि करवीर म्हणजे कण्हेर यांना उपविषांत बसवलं आहे. तरी रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या मजेत वाढतात. त्याचाच अमेरिकी भाऊबंद मोनार्क, तोही रुईच्या कुळातल्या झाडांवर पोसला जातो. मोनार्कच्या पंपात १२२ व्या जागी अ‍ॅस्परजिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असतं आणि त्यामुळे विषाची पकड ढिली पडते, हे १९९२ मध्ये कळलं. उंदरांवर ही विषं फार कमी चालतात. त्यांच्या पंपातही बदल झालेल्या दोन जागांपैकी एक हीच १२२ वी आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी फळमाशीच्या पंपात तीन नेमके बदल केले, त्यांतला एक हाच. त्या माश्या उवाबाइन पचवू लागल्या. पंप कीटकात, खेकड्यात आणि माणसात इतका सारखा राहिला म्हणूनच ऑर्हूसच्या खेकड्यांवरून माणसाच्या हृदयाचा हिशोब लावता आला.

आणि इथेच या औषधाची अडचण आहे. पंप सगळीकडे तोच, म्हणून हृदयापुरतं डिगॉक्सिन बनवणं सोपं नाही. मेंदूतल्या ओकारीच्या केंद्रावर, डोळ्याच्या पडद्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींवर ते तितकंच चालतं. विदरिंगच्या रोग्यांना दिसलेला पिवळेपणा तिथला. रक्तातलं गुणकारी प्रमाण मिलिलीटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास आणि दोनच्या वर धोका. १९६९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी डिगॉक्सिनविरुद्धच्या प्रतिपिंडांनी हे प्रमाण मोजायची पद्धत काढली. पुढे त्याच प्रतिपिंडांचे तुकडे विषबाधेवर उतारा ठरले. पहिला रोगी १९७६ मध्ये त्यांनी वाचल्याचं जाहीर झालं, आणि श्रीलंकेत बिट्टीच्या बियांनी विषबाधा झालेल्यांवरही २००० मध्ये ते उपयोगी पडले.

औषधाचं स्थानही बदललं. स्काऊला नोबेल मिळालं त्याच १९९७ मध्ये ६,८०० रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला. डिगॉक्सिनने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. नवी औषधं पुढे गेली. तरी ते हद्दपार झालेलं नाही. २०२५ मध्ये युरोपातल्या एका चाचणीत डिजिटॉक्सिनच्या छोट्या मात्रेने मृत्यू किंवा हृदयविकाराने भरती होण्याचं एकत्रित प्रमाण घटल्याचं दिसलं.

गुण आणि घात यांच्यातलं अंतर विदरिंगच्या वेळी जेवढं होतं तेवढंच आज आहे, कारण ते रेणूच्या आणि पंपाच्या घडणीतच आहे. फरक पडला तो मोजण्यात. पोटॅशियम पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी येऊन डिगॉक्सिनची पकड सैल करतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरलं की तीच मात्रा विषारी ठरते. डिगॉक्सिन शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडांतून, ती मंदावली की ते साचतं. म्हणून ही गोळी लिहून देण्याआधी डॉक्टर पोटॅशियमचे आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचे आकडे मागवतो आणि म्हातारा, किडकिडीत रोगी असेल तर गोळी अर्धी करतो.